तार शिरते तिथे

कुठल्याही घरात पाऊल टाकलं की आमचे व्याही आधी भिंतींकडे बघतात आणि मग माणसांकडे, आणि भिंतीत काही सापडलं तर माणसांकडे बघायचं राहूनच जातं. वाशीपासून बेलापूरपर्यंत अशी कितीतरी घरं आहेत, जिथल्या यजमानांचे चेहरे त्यांना आठवत नाहीत. पण त्या घरातल्या मीटरची पेटी विचारा. तिच्यात तार कुठल्या अंगाने शिरते, आणि जिथून शिरते त्या भोकाला आतून बुश बसवलाय की नाही, हे ते डोळे मिटून सांगतील. बुश म्हणजे रबराचं किंवा प्लॅस्टिकचं साधं कडं. पत्र्याच्या पेटीला भोक पाडलं की त्याची कड सुरीसारखी राहते. तार त्या कडेवर टेकली की पंपाच्या, पंख्याच्या, रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रेलरच्या हादऱ्याने रोज जराजराशी घासते, एक दिवस तिचं आवरण सोलून निघतं, आणि मग त्या पेटीला हात लावणाऱ्याचं काही खरं नसतं. म्हणून कडेवर काहीतरी मऊ हवं. एवढीच गोष्ट. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या माझ्यासारख्या बाईला ती कळायची कधी गरज पडली नव्हती. माझ्या सईने त्यांच्या मुलाशी लग्न ठरवलं आणि ती मला कळली, आणि आता चटणी वाटतानासुद्धा माझं लक्ष खोबऱ्याकडे कमी आणि मिक्सरच्या वायरीकडे जास्त असतं.

निवृत्त होण्याआधी ते वीज तपासनीस होते. न्हावा शेव्याच्या बाजूची गोदामं, यार्डं, थंड कंटेनरांना वीज पुरवणारे खांब, हा त्यांचा मुलूख. खाडीचा खारा वारा पत्र्याला कसा खातो, यावर ते अशा जिव्हाळ्याने बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातल्याच कुणाच्या तरी दुखण्याबद्दल चाललंय. साहेब तपासणीला आले की लोक चहाच्या आधी टॉर्च पुढे करायचे म्हणे. पण नुसत्या टॉर्चने त्यांचं समाधान होत नसे. वीज बंद करवून, ती खरंच बंद आहे याची खात्री करून, ते उजव्या हाताची करंगळी भोकात घालत आणि आतल्या कडेवरून हळूच फिरवत. करंगळीला रक्त आलं की मान डोलावत, आपलं म्हणणं खरं ठरल्याच्या आनंदात. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या विहीणबाई, फार शांत बाई आहेत. त्या एकदा मला म्हणाल्या, "लग्न झालं तेव्हा यांच्या करंगळीला रोज नवी चिंधी बघून मला वाटलं, कचेरीत यांना भाज्या चिरायला लावतात की काय."

मूळ नियम तसा एका ओळीचा आहे. तार पत्र्याच्या पेटीत शिरते तिथे तिला इजा होता कामा नये. पण त्या एका ओळीचा अर्थ लावण्यात या माणसाने उभी नोकरी घालवली. पेटी कशाला म्हणायचं? झाकण नसेल तर ती पेटी की नुसता पत्रा? कडेवर रंगाचा जाड थर बसला असेल तर ती कड धारदार धरायची की नाही? इजा म्हणजे आज झालेली की पुढेमागे होऊ शकणारी? असे प्रश्न ते जेवताना विचारतात, घास हातात धरून, आणि समोरच्याच्या उत्तराची खरोखर वाट बघतात. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, लहानपणी परीक्षेला घाबरत नसे, त्याचं कारण मला आता कळतं.

आमच्या घरी ते प्रथम आले ते बोलणी करायला. सईचे बाबा ती शाळेत असतानाच गेलेले, त्यामुळे त्यांच्या बाजूचं मोठं माणूस म्हणून वन्सं कराडहून मुद्दाम आल्या होत्या. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. बाईचा स्वभाव कडक, पण सईवर जीव असा की आंब्याच्या दिवसांत पेटी पाठवून वर फोन करून विचारणार, 'पोरीनं खाल्ला का, का तूच वाटून टाकलेस?' तर व्याही आले, चपला काढल्या, आणि सोफ्यावर न बसता थेट देव्हाऱ्यापाशी गेले. कमरेत वाकले. वाकले ते वाकलेच. हात मागे बांधलेले, मान देवाच्या मागच्या बाजूला वळलेली. वन्सं माझ्या कानाशी पुटपुटल्या, "माणूस देवभोळा दिसतोय हो. पोरगी चांगल्या घरात पडतीय." तेवढ्यात व्याह्यांनी आमच्याकडे वळून विचारलं, "बाई, देवाला हात लावताना कधी झिणझिण्या आल्यात का?" नेरूळमध्ये सगळे मला बाई म्हणतात, तसे तेही पहिल्या दिवसापासून म्हणू लागले. देव्हाऱ्याला मागून पितळी जाळी होती, आणि बारक्या दिव्यांच्या माळेची तार त्या जाळीतून आत घेतलेली होती. मग चहा निवेपर्यंत देव्हारा ही पेटी आहे की नाही याची चर्चा झाली. चार बाजू आहेत, दार आहे, तेव्हा पेटीच, असा निकाल त्यांनी स्वतःच दिला. लग्नाच्या बोलण्यातलं त्यांना काय हवं, काय नको, ते विहीणबाईंनीच आम्हाला सांगितलं. काहीच नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सीवूड्सहून चालत आले, देवांना ताटात काढून ठेवायला लावलं, आणि जाळीला बुश बसवून गेले.

हे बुश ते सुपारीच्या डबीत ठेवतात. चांदीची जुनी डबी आहे, त्यांच्या वडिलांची. आत निरनिराळ्या मापांचे काळे बुश, आणि सुपारी नावालाही नाही. साखरपुड्याच्या जेवणानंतर माझ्या चुलत दिरांनी ती डबी पाहिली आणि हक्काने हात पुढे केला. व्याह्यांना वाटलं, या माणसालाही यात रस दिसतोय. त्यांनी मोठ्या प्रेमाने त्यातला एक बुश निवडून त्यांच्या तळहातावर ठेवला. दिरांचा चष्मा सदऱ्याच्या खिशात. शिवाय मुलाच्या बापाने दिलेली वस्तू तोंडातून काढायची कशी? वरपक्षाचा मान राखत त्यांनी तो बुश गालात धरून पाहुणे उठेपर्यंत चघळला, आणि निघताना मला एवढंच म्हणाले, "वहिनी, सुपारी चांगली आहे त्यांची, पण चिवट आहे."

आता अशा माणसाला लोक कंटाळत असतील, असं कुणालाही वाटेल. कंटाळतात. सीवूड्सला त्यांच्या सोसायटीत मीटर रूमच्या दारावर त्यांच्यासाठीच वेगळं कुलूप लावलंय. सेक्रेटरी एकदा त्यांना म्हणाला, "काका, नियम पत्र्याच्या पेटीला आहे. आपली प्लॅस्टिकची आहे. कशाला टेन्शन घेता?" वास्तविक नियमाचं अक्षर सेक्रेटरीच्या बाजूने होतं. पण व्याही अक्षरापाशी थांबणारे नव्हेत. नियमाचा अर्थ लावायचा तर तो कुणाला वाचवायला केलाय ते आधी बघायचं, ही त्यांची रीत. पेटी प्लॅस्टिकची, पण तिचा तळ घट्ट धरावा म्हणून कुणीतरी आत पत्र्याची पट्टी ठोकली होती आणि तार त्या पट्टीला टेकली होती. ते त्यांनी दाखवून दिलं. सेक्रेटरीने बुश बसवला आणि मगच कुलूप लावलं.

उलट बाजूनेही ते हाच न्याय लावतात. नेरूळच्या एका बागेत 'गवतावर बसू नये' अशी पाटी आहे. आम्ही तिघं फिरायला गेलो असताना ते सरळ पाटीखालीच फतकल मारून बसले. वॉचमन धावत आला, "अंकल, बोर्ड पढ़ो ना." व्याही शांतपणे त्याला म्हणाले, "ही पाटी गवताला वाचवायला आहे. गवत कुठाय?" तिथे खरोखर गवत नव्हतं, नुसती माती होती. वॉचमन इकडेतिकडे बघू लागला. विहीणबाई मला म्हणाल्या, "चला, आपणही बसू. यांच्याबरोबर उभं राहिलं की पाय दुखतात."

बेलापूरजवळच्या दिवाळे गावात मासळी आणायला जातात तिथेही हाच प्रकार. एका कोळणीने बर्फाच्या पत्र्याच्या पेटीला भोक पाडून त्यातून दिव्याची तार घेतली होती. हे तिच्यासमोर उकिडवे बसून पापलेटाकडे ढुंकूनही न बघता पेटीच न्याहाळू लागले. ती म्हणाली, "बाबा, तुला म्हावरा घ्याचा हाय का माजी पेटीच बगाची हाय?" ओली जागा, ओले हात, पत्रा आणि तार. एरवी वाद घालणारा हा माणूस तिच्याशी एक शब्द बोलला नाही. तिला दिवा बंद करायला लावून, मागच्या सायकलवाल्याकडून ट्यूबचा तुकडा मागून आणला आणि कडेवर चढवून दिला. तेव्हापासून ती त्यांच्या पिशवीत मूठभर करंदी, म्हणजे बारकी कोळंबी, जास्तीची टाकते आणि लांबूनच ओरडून सांगते, "पेटी बरी हाय, बाबा." त्यांच्या घरी कुणी करंदी खात नाही, म्हणून ती माझ्याकडे येते.

सगळं असं हसण्यावारी चाललं होतं. लग्न जवळ आलं तशी मी मात्र हसायची थांबले. वन्सं लग्नाच्या आदल्या आठवड्यातच आल्या आणि त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, "हे बघ, वाईट वाटून घेऊ नको. दारात सामोरं जायला सईच्या थोरल्या काकू जातील. कन्यादान तुझा दीर आणि जाऊ करतील. तू आतल्या खोलीत बस, अक्षतांना मागं उभी राहा. सवाष्णीची कामं सवाष्णींनी करावीत. पोरीच्या भल्यासाठीच सांगतीय मी." सईने ऐकलं तेव्हा ती भांडली. मीच तिला गप्प केलं. मला राग आला नव्हता असं नाही. ज्या मुलीला एकटीने वाढवलं, तिच्या लग्नात मी सामानाच्या खोलीत बसायचं? पण रागाहून भीती मोठी होती. उद्या तिच्या संसारात काही उणं झालं तर मी स्वतःलाच विचारत बसले असते की त्या दिवशी पुढे गेले म्हणून तर नाही ना. मी सईसाठी एक मंगलाष्टक रचलं होतं. ते थोरल्या काकूंच्या हातात दिलं आणि म्हटलं, तुम्हीच म्हणा.

लग्न नेरूळच्याच हॉलमध्ये, दुपारचं. वऱ्हाड आलं तेव्हा काकू आरशापुढे गजऱ्याशी झटापट करत होत्या आणि मी दारात होते. समोर गाडीतून व्याही उतरले, रेशमी झब्बा, डोक्यावर फेटा. मी विसरले. खरंच विसरले. आपल्या घरी माणूस आलंय, एवढंच डोक्यात. गुलाबदाणी घेऊन पुढे झाले आणि "या, या" म्हणाले. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या डोक्यावरून मागे कुठेतरी बघितलं, त्यांचा चेहरा पडला, आणि एक शब्द न बोलता ते उंबऱ्यावरून वळले आणि हॉलच्या बाजूच्या बोळातून तरातरा निघून गेले. सगळ्यांनी पाहिलं. दोन्हीकडची माणसं जिथल्या तिथे उभी राहिली. थोड्याच वेळात हॉलमधले दिवे गेले, पंखे थांबले, सनईची रेकॉर्ड मधेच बंद पडली. कुणीतरी म्हणालं, "मुलाच्या वडिलांनी लग्न थांबवायला सांगितलंय."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, ते जास्त लागलं. मी गुलाबदाणी तिथेच खुर्चीवर ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन रुखवताच्या खोक्यांमध्ये बसले. सई पलीकडच्या खोलीत नटून बसली होती. तिला अजून काही कळलेलं नव्हतं. हे लग्न माझ्यामुळे मोडतंय, एवढं एकच वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं.

पुढचं मला दिरांनी सांगितलं. वन्सं आणि ते शाल-नारळ घेऊन रुसलेल्या व्याह्यांना शोधायला निघाले. आपल्याकडे वरपिता रुसला की काय करायचं ते सगळ्यांना पाठ असतं. व्याही स्टेजच्या पडद्यामागे सापडले, फेटा काढून ठेवलेला, झब्ब्याच्या बाह्या वर, डेकोरेटरच्या वीज वाटणाऱ्या पेटीसमोर उकिडवे. डेकोरेटर, इथलाच आगरी माणूस, घाम पुसत म्हणत होता, "काका, मी कवापास्ना याच पेटीवर लग्ना लावतंय. कवा काय झाला नाय." वन्संनी नारळ पुढे केला आणि हात जोडून म्हणाल्या, "भाऊसाहेब, चुकलं आमचं. तिला नको म्हणून बजावलं होतं, तरी ती पुढं आली." व्याह्यांनी मान वर केली. "कोण पुढे आली?" दीर म्हणाले, "आमच्या वहिनी. दारात." व्याही म्हणाले, "त्या दारात होत्या का?" मग त्यांनी नारळ बाजूला ठेवला आणि शाल घडी करून गुडघ्याखाली घेतली, कारण फरशी टोचत होती. प्रवेशाच्या कमानीवरचे दिवे मधूनच विझत-पेटताना त्यांनी पाहिले होते, तारेमागोमाग गेले होते, आणि ती तार, आणखी तशाच तारांबरोबर, पत्र्याच्या पेटीत एका उघड्या भोकातून कोंबलेली त्यांना सापडली होती. आवरण एका जागी सोललेलं होतं. स्टेजची लोखंडी चौकट त्या पेटीला टेकून होती, आणि त्या चौकटीला धरून पोरंटोरं चढउतार करत होती.

इकडे माझ्या खोलीत विहीणबाई आल्या. माझ्या शेजारी खोक्यावर बसल्या, पदराने वारा घेतला आणि म्हणाल्या, "ते रुसलेले नाहीत हो. खुशीत आहेत. काहीतरी सापडलंय त्यांना."

त्यांच्या डबीतला एकही बुश त्या भोकाला पुरेना. शेवटी आचाऱ्याकडची गॅसची नवी रबरी नळी कापून, लांबीला चिरून, ती कडेवर चढवली, सोललेली तार बदलली, पेटी चौकटीपासून लांब फळीवर घेतली. दिवे आणि पंखे सुरू झाले. माइक सुरू करायला त्यांनी परवानगी दिली नाही. मग हात पुसायला फडकं शोधत ते आमच्या खोलीशी आले. त्यांच्यामागे वन्सं होत्याच. मला खोक्यांमध्ये बसलेली बघून ते थबकले.

"बाई, तुम्ही इथे काय करताय? मुहूर्त जवळ आला."

मी खोक्यावरचं एक फडकं उचललं. वन्सं म्हणाल्या, "तिनं इथंच बसायचं असतं, भाऊसाहेब. नियम आहे तसा."

नियम हा शब्द ऐकल्यावर व्याही खुर्ची ओढून बसले. काळे हात गुडघ्यांवर, चेहरा एकदम उजळलेला. "असं का? कुठे दिलाय?"

"दिलेला कुठं नसतो. चालत आलाय."

"चालेल. चालत आलेलेही नियम असतात, त्यातले काही चांगले असतात. हा कुणाला वाचवतो?"

"मुलीला," वन्सं म्हणाल्या.

"कशापासून?"

उत्तर एकच होतं, आणि ते वन्संना माझ्यासमोर म्हणता येईना. व्याही वाट बघत राहिले. टोमणा मारत नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच सुटका नव्हती. शेवटी वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "माझ्या भावाची एवढी एकच खूण आहे. तिचं काही वाईट व्हायला नको. मला भ्या वाटतं."

"भीती बरोबर आहे तुमची," व्याही म्हणाले. "ती असायलाच हवी. माझी सगळी नोकरी तिच्यावरच झाली. पण तुम्ही चुकीच्या पेटीपाशी उभ्या आहात. जी होती ती मी आत्ताच बंद करून आलो."

आणि माझ्या हातातलं फडकं घेऊन ते निघून गेले. वन्सं डोळे पुसून माझ्याकडे वळल्या आणि नेहमीच्या कडक आवाजात म्हणाल्या, "ऊठ. साडीचा कसा बोळा केलाय बघ. पोरीच्या लग्नात अशी उभी राहणार आहेस का?" त्यांनीच खाली बसून माझ्या निऱ्या सारख्या केल्या. गुरुजींना त्यांनीच जाऊन विचारलं की आईने एकटीने कन्यादान केलेलं चालतं का. गुरुजी म्हणाले, "चालतं की. पण आम्हाला विचारतं कोण?"

सईच्या ओंजळीखाली माझी ओंजळ होती. तिचे हात गार पडले होते. ती माझ्याकडे बघून लहानपणी गॅदरिंगमध्ये स्टेजवरून मला शोधून हसायची तशी हसली. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि शेवटच्या अष्टकाच्या वेळी काकूंनी माझा कागद माझ्याच हातात दिला. माइक नव्हता. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला आवाज होता, तो दुसऱ्या ओळीला फाटला, मग सावरला. वन्सं माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. इतकं सुख मला त्या आधी कधी झालं असेल तर सई जन्मली तेव्हा.

आता मुलं बंगलोरला आहेत. इथे आम्ही म्हातारी माणसं एकमेकांकडे जाऊन-येऊन असतो. गेल्या महिन्यात सीवूड्सला विहीणबाईंकडे बसले असताना आम्ही लग्नाचा अल्बम काढला. त्यांना डोळ्यांच्या ऑपरेशननंतर आत्ता कुठे नीट दिसायला लागलंय. अंतरपाट दूर झाला त्या क्षणाचे बरेच फोटो आहेत. अक्षता हवेत आहेत, सई आहे, जावई आहे, मी आहे, वन्सं आहेत, विहीणबाई आहेत. विहीणबाईंच्या शेजारी रिकामी जागा आहे. मी पुढचं पान उलटलं, त्याच्या पुढचं उलटलं. व्याही कुठेच नव्हते. त्या दिवशीच्या गडबडीत मी हे कधी ध्यानातच घेतलं नव्हतं.

"कुठे होते हे?" मी विचारलं. विहीणबाईंनी नुसती हनुवटीने व्याह्यांकडे खूण केली. ते समोर पेपर वाचत होते.

"मागे होतो, पेटीपाशी," ते म्हणाले. "नळी चिरून लावलेली होती, बाई. तात्पुरतं काम. तात्पुरतं काम केलं की ते सोडून जायचं नसतं, पेटी तापतेय का ते बघत राहायचं असतं. शेवटची पंगत उठेपर्यंत तिथेच होतो."

"एकुलत्या एका मुलाचं लग्न. मुहूर्तापुरतं डेकोरेटरला उभं करायचं होतंत."

"त्याला जेवायला पाठवलं होतं. भुकेला होता." त्यांनी पेपर खाली ठेवला. "पण मी लग्न ऐकलं की. पडद्यामागे सगळं स्वच्छ येत होतं. शेवटचं अष्टक तुम्ही म्हटलंत ना? दुसऱ्या ओळीला जरा थांबलात. मला वाटलं आता राहतंय. मग म्हटलंत पुढे. तेव्हा मी पेटीवर हात ठेवून बघितला. गार होती."